डगल्यावरचा पंजा

एका राज्यात जे घडलं त्याचा दोष राजा दुर्दमाचा होता. दैवाचा नव्हे, ग्रहांचा नव्हे. राजाचाच.

त्या राज्यात गादीवर बसणाऱ्याने शुभ्र लोकरी डगला घालावा अशी रीत होती. दुसरी रीत अशी, की राजाच्या डगल्याला डाग पडत नाही. पडलाच, तर पडला नाही असं म्हणायचं. थोर पूर्वजांनी मागे ठेवलेलं शहाणपण ते एवढंच.

राजकन्या चंपावलीला हळद लागली. ती तशीच धावत आली नि बापाला बिलगली. डगल्यावर छातीपाशी पिवळा पंजा उमटला.

"आबा, आता तुम्हीपण नवरदेव!"

राजा हसला. मग त्याला दुसऱ्या दिवशीचा दरबार आठवला आणि हसू आटलं. परटाला बोलवावं तर गावभर बोभाटा. राजाने न्हाणीघराची कडी लावली, बंबातली राख पाण्यात कालवली आणि डगला स्वतःच्या हातांनी खसाखसा घासला. हळदीला राखेचं पाणी लागलं की ती लाल होते. पंजा लालभडक झाला.

सकाळी दरबारात राजगुरूने तो पाहिला. "हा डाग नव्हे, रक्त! ज्याचा हात या पंजाशी जुळेल, तो राजद्रोही."

हात चंपावलीचा जुळला.

"हळद आहे ही! आबा, सांगा ना यांना."

राजाच्या नखांत अजून राख होती. राजाने धुणं धुतलं, हे कोणत्या तोंडाने सांगावं? त्याने मुठी मिटल्या आणि तोंडही. दरबारात एवढ्या पिकल्या दाढ्या बसल्या होत्या; एकीनेही वाकून डगल्याचा वास घेतला नाही.

राजगुरूने मंत्र टाकला. "डगला पांढरा होईल, तेव्हाच माणूस होशील." चंपावलीची साळुंकी झाली.

साळुंकी कठड्यावर बसली नि बोलली, "नागाच्या बागेतलं लिंबू आणा. राक्षशिणीच्या झाडाचे रिठे आणा. तिसरं मग सांगेन, महाराज."

महाराज! राजाला वाटलं, पाखराची जीभ आहे, चुकत असेल.

राजाने लिंबू तोडताच नागाने फणा काढून विचारलं, "डाग कोणाचा?"

"मुलीचा."

लिंबू हातातच सुकून खडा झालं.

"कोणाचा?"

"माझा," राजा पुटपुटला. दुसरं लिंबू रसरशीत निघालं. रस पिळताच लाल पंजा पुन्हा पिवळा झाला.

राक्षशिणीनेही तेच विचारलं. पण ती ठार बहिरी. राजाला "डाग माझा!" असं गळा फाटेस्तोवर ओरडावं लागलं. झाडावरच्या पोपटांनी ते पाठ केलं आणि गावोगाव म्हणत सुटले. रिठ्याच्या फेसात, गार पाण्यात राजाने डगला चोळला. पंजा फिका पडला, गेला नाही.

"आता उन्हात घाला," साळुंकी म्हणाली. "गच्चीवर नव्हे. बाजारचौकात. आणि दोरीखाली उघड्या अंगाने उभे राहा."

"महाराज, अब्रू जाईल!" राजगुरू किंचाळला.

"ती न्हाणीघरातच गेली, गुरुजी. दोरीचं ते टोक धरा."

राजगुरूने टोक धरलं. चौकात माणूस मावेना. पोपटांनी आधीच सगळं सांगितलं होतं.

एका भाजीवालीने पाटी उतरवली. "महाराज, डाग तुमचा म्हणता, मग पोरगी हाका मारत होती तेव्हा दातखीळ बसली होती का?"

राजाने मान खाली घातली. पाठ भाजत होती, पण सावलीत जायचं त्याच्या मनातही आलं नाही. "घासणारा हात माझा होता. राख माझी होती. मला लाज वाटली, म्हणून गप्प बसलो," तो म्हणाला.

हळद पाण्याला दाद देत नाही, उन्हापुढे मात्र तिचं काही चालत नाही. ऊन कलेपर्यंत डगला मोगऱ्यासारखा पांढरा झाला. साळुंकीची पिसं गळाली, चंपावली उभी राहिली. मोडलेलं लग्न लागलं. तेव्हापासून त्या राज्यात राजाचे कपडे चौकातच वाळतात.

निघताना चंपावली बापाच्या पाया पडली. "येते, महाराज."

पुढे ती सणावाराला माहेरी येत राहिली. त्याला आबा म्हणून तिने पुन्हा कधीच हाक मारली नाही.