मधल्या कमानीचा थेंब

एका राज्यात सात गावं उंचावर होती आणि ती कोरडी होती. डोंगरातल्या तळ्याचं पाणी तिथवर न्यायचं, तर मध्ये नदी आडवी. राजाच्या आज्ञेवरून सिदोजी गवंड्याने नदीवर अकरा कमानी उभारल्या. चुन्यात गूळ घातला, बेलफळाचा गर घातला, आणि वरून कालवा नेला. काम संपलं तसा मिशीला पीळ देऊन म्हणाला, "खालच्या नदीला यातला थेंबही मिळायचा नाही!"

माणसाने जिभेला आवर घालावा. नदीने ते ऐकलं. कालव्याला पाणी सुटलं, मधल्या कमानीवर आलं आणि तिथेच दगड झालं. शेजारी उभा असलेला सिदोजीही दगड झाला.

त्याची लेक चिमा, त्याच्याच हाताखाली छिन्नी धरायला शिकलेली. ती दगडी बापाच्या पायाशी बसून राहिली. तिसऱ्या दिवशी खंड्या पक्षी कठड्यावर येऊन बोलला, "नागाच्या विहिरीतून हिऱ्याची छिन्नी आण. यक्षिणीच्या चिंचेखालून हातोडा आण. तिसरं काम नदी सांगेल."

नाग म्हातारा होता. त्याने चिमाचं दुःख ऐकलं आणि छिन्नी दिली. यक्षिणीने मात्र आपले सात हात लांब केस दिवसभर विंचरून घेतले, तेव्हा कुठे हातोडा सोडला.

नदी म्हणाली, "मधल्या कमानीला भोक पाड."

"आबांच्या कामाला? लोक म्हणतील, सिदोजीचा पूल गळतो!"

"माझ्या डोक्यावरून पाणी नेता आणि मला वाटा नाही? नाव राखायचं की बाप, तूच ठरव."

चिमाला रडू कोसळलं. बापाची सारी हयात त्या चिऱ्यांत होती. रडत रडतच तिने कालव्याच्या तळाशी छिन्नी लावली आणि ठोके घातले. भोक आरपार झालं. दगडी पाण्यातून एक थेंब सुटला आणि नदीत पडला.

नदी खळाळून हसली. दगडाचं पाणी झालं, पाणी सात गावांकडे धावलं. सिदोजी हलला आणि आधी त्या भोकापाशीच वाकला.

"कुणी पाडलं हे?"

"मी, आबा."

पलीकडून गावकऱ्यांचा जल्लोष ऐकू येत होता. सिदोजीने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मिशी खाली आली होती.

"कड घासून घे, पोरी. थेंब सरळ तिच्या ओटीत पडला पाहिजे."

तेव्हापासून त्या राज्यात गवंडी आधी नदीचा वाटा ठेवतात, मग बढाया मारतात. सात गावांना पाणी पोचलं, तसं ते तुमच्याही दारी पोचो.