धक्क्यावरच्या दोरांचा धनी

"सांगून सांगून घसा बसला महाराज, पण या बंदरात माझं कुणी खरं मानत नाही!"

आवडाबाई दरबारात शिरली तीच असं बोलत. पदर खोचलेला, काथ्या वळून वळून हातांना घट्टे पडलेले. पालवशेत बंदरावर दोर वळून विकणारी ही बाई राजाला भीत नव्हती, तर दरबाऱ्यांना कुठली भिणार?

भांडण असं होतं. समुद्रापलीकडून आलेल्या नासिर नावाच्या व्यापाऱ्याने तिचे दोर घेतले. त्याच्याकडची गलबतं खिळ्यांनी ठोकत नाहीत, काथ्याने शिवतात. भाव इतरांना कळू नये म्हणून सौदा रुमालाखाली बोटं दाबून झाला. मग पालवशेतच्या रिवाजाप्रमाणे नासिरने गेरूत हात बुडवून दोरांच्या वेटोळ्यांवर पंजा उमटवला. पंजा उमटला की विकणाऱ्याचं मालाशी नातं संपलं, हा इथला कायदा. नासिरच्या बंदराचा कायदा वेगळा. तिथे माल गलबतावर चढल्याशिवाय घेणाऱ्याचा होत नाही.

दोर धक्क्यावर तसेच पडून राहिले. कुणी बांधले नाहीत. उधाणाची भरती आली आणि सगळे ओढून घेऊन गेली.

आवडाबाई म्हणे, पंजा उमटलाय, माल तुझा होता, माझे पैसे टाक. नासिर म्हणे, माल गलबतावर चढलाच कुठे, मला दुसरे दोर दे. भांडत होते दोघं, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. त्यांना निर्धास्त केलं होतं ते सौदा जुळवणाऱ्या दाजीबा दलालाने. आवडाबाईला तो म्हणाला होता, आता काळजी त्या परदेशी माणसाची, तू घरी जा. आणि नासिरला म्हणाला होता, तुमच्याच कायद्याने चालू, माल अजून बाईचा आहे, तीच बांधून ठेवेल, तुम्ही निवांत जेवा.

दाजीबाने दरबारात पगडी सावरली आणि आपण असं काही बोललोच नाही म्हणून सांगितलं. नासिर परका, आवडाबाई तोंडाळ. सगळ्यांनी पगडीचं ऐकलं.

राजा रणधवल न्यायी होता, पण हट्टी. आपला कायदा खोटा म्हणावा तर बंदराची अब्रू जाते, नासिरचा खोटा म्हणावा तर उद्यापासून परदेशी गलबत इथे नांगर टाकणार नाही. त्याने दाढी खाजवली आणि सगळं ओझं आवडाबाईच्याच डोक्यावर ठेवलं.

"ओरडत तू आलीस, तर उत्तरही तूच आण. दोर वाहून गेले तेव्हा त्यांचा धनी कोण होता, ते उद्या सकाळी सांग. पण दोन्ही कायदे खरे राहिले पाहिजेत. नाही सांगता आलं तर तुझा मचवा विकून नासिरला दोर घेऊन देईन."

मचवा म्हणजे आवडाबाईचं पोट. त्यातूनच ती खाडीपलीकडून काथ्यासाठी नारळाची सोडणं आणायची.

"हा तिसरा कायदा कुठल्या मुलखाचा, महाराज?" तिने विचारलं.

"माझ्या मुलखाचा," राजा म्हणाला. "सांगता आलं तर मागशील ते देईन."

दुसऱ्या दिवशी आवडाबाई आली ती पान चघळत. दरबाऱ्यांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं की दोर सापडले आहेत. काळशेवच्या खाडीत कांदळवनात अडकलेत, एक धागा तुटलेला नाही. ज्याचे असतील त्याने सगळ्यांसमोर धनी म्हणून पुढे यावं आणि घेऊन जावे.

दरबारात कुजबुज सुरू झाली. राजाने नासिरकडे पाहिलं.

"दोरांची मला फार गरज आहे, बाई," नासिर म्हणाला. "पण बुडाले तेव्हा माझे नाहीत म्हणालो. सापडल्यावर माझे कसे होतील?"

"मग तुझे?" राजाने आवडाबाईला विचारलं.

"माझे कुठले? पंजा उमटला तिथे माझं नातं संपलं. आपलाच कायदा आहे."

म्हणजे एवढा चांगला माल बेवारशी! दाजीबाला राहवेना. पगडी हलवत तो पुढे झाला आणि राजाला समजावू लागला, की धक्क्यावरचा माल घेणाऱ्याचाही नाही आणि देणाऱ्याचाही नाही. तो मधल्याचा. या दोघांना निर्धास्त करून घरी कुणी पाठवलं? दाजीबाने. माल कुणाच्या भरवशावर होता? दाजीबाच्या.

"काल तर म्हणालात, मी काही बोललोच नाही," आवडाबाई म्हणाली.

"काल आठवत नव्हतं."

"आज नीट आठवतंय ना? पंजा उमटल्यापासून गलबतावर चढेपर्यंत धनी तुम्हीच?"

"मीच. देवाशप्पथ मीच."

आवडाबाई राजाकडे वळली. "ऐकलंत? पंजा उमटला तेव्हा माझी मालकी संपली, आपला कायदा खरा. दोर गलबतावर चढले नाहीत म्हणून नासिरभाईंची सुरू झाली नाही, त्यांचाही कायदा खरा. मधला धनी आपल्या पायांनी चालत आला. आता ज्याचा माल, त्याचं नुकसान."

"नुकसान कसलं?" दाजीबा खेकसला. "दोर सापडलेत ना?"

"कुठले दोर? ते दर्यानं नेले. कांदळवनात खेकडे आहेत, हवे तर घेऊन जा."

राजाला हसू फुटलं ते थांबेना. डोळे पुसत त्याने विचारलं, नासिरने हो म्हटलं असतं तर?

"तर धनी ते ठरले असते."

"आणि तू हो म्हटलं असतंस तर?"

"मी कशाला म्हणेन? दोर नाहीत हे मला ठाऊक होतं की."

आता नासिरसुद्धा पोट धरून हसला. राजाने निवाडा दिला. आवडाबाईचे पैसे दाजीबाने द्यायचे, आणि नासिरला दुसरे दोरही त्यानेच आणून द्यायचे. आवडाबाईने मागितलं ते एवढंच, की यापुढे धक्क्यावर रुमाल पसरण्याआधी दोन्हीकडचे कायदे मोठ्याने सांगितले जावेत. राजाने ते कबूल केलं आणि मचव्याला नवं कोरं शीडही दिलं.

दवंडीवाला ढोल गळ्यात अडकवून पुढे आला. निवाडा तर कळला, पण गावाला दोरांचा धनी कोण म्हणून सांगायचं, असं त्याने विचारलं. राजाला हसण्यातून बोलता येईना. त्याने आवडाबाईकडे हात केला, आणि धक्क्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दाजीबा दलाल!"