पाळण्याची चौथी फळी

पहिल्या मुलीचं नाव ठेवताना तुम्ही महिनाभर घर डोक्यावर घेता. तिसरी झाली की तोंडाला येईल ते नाव ठेवून मोकळे होता. तुम्ही म्हणजे कोण, ते मी सांगत नाही. ज्याचं त्याला कळतं.

एका गावात एक भोळा कुंभार होता. त्याचं नाव भिवा. त्यालाही तिसरी मुलगी झाली. पण त्यानं नावाचा कंटाळा केला नाही. बायको सांगेल तसंच करायचं, असं त्यानं ठरवलं. घोटाळा तिथंच झाला.

बायको सारजा म्हणाली, "थोरली अबोली, मधली शेवंती. त्यांच्या शेजारी शोभेल असं फूल कोणतं, ते माळ्याला विचारून या."

भिवा गेला. ओंजळभर फुलं घेऊन आला.

"अहो, ही तर जाईची फुलं."

"शोभतात म्हणाला."

सारजानं फुलं हुंगली. "अबोली, शेवंती, जाई," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणाली. तिला ते फार आवडलं. मग तिला नवऱ्याची आठवण झाली. "पण नाव आणायला गेला होता ना? मग नावच आणायचं. वस्तू तिथंच ठेवायची."

"बरं," भिवा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बारशाच्या घुगऱ्यांसाठी दुकानात पाठवलं. भिवा रिकामी पिशवी घेऊन परत आला.

"आणलं का?"

"आणलं. हरभरे."

"कुठायत?"

"तिथंच ठेवले. नाव आणलंय."

सारजानं कपाळाला हात लावला. "वस्तू आणायची तेव्हा वस्तूच आणायची. नीट बघायची. चांगलं ते आणायचं, किडकं ते तिथंच सोडायचं."

"बरं."

हरभरे आले. चांगले आले. मग सुताराकडून नवा पाळणा आणायचा होता. भिवानं पाळणा डोक्यावरून आणला. त्याला तीनच बाजू होत्या.

"चौथी फळी कुठाय?"

"तिला किडीचं भोक होतं. शिवाय रंगानं वेगळी होती. तिथंच सोडली."

"आणि पोर निजवायची कुठं? एक वेगळी दिसली म्हणून टाकून येतात का? चारी एकसारख्या करून घ्यायच्या."

"बरं," म्हणून भिवा परत गेला. भोक बुजवून, चारी फळ्यांना हिरवा रंग देऊन पाळणा घेऊन आला. सारजाला वाटलं, नवरा शिकला.

बारशाच्या आदल्या दिवशी भिवाची थोरली बहीण हौसाक्का आली. तिच्यामागून पिशव्या उचलून तिची सून सिंधू आली. सिंधू सासूपुढं दहा वर्षांत तोंड उघडून बोलली नव्हती.

"नाव नकोशी ठेवायचं," हौसाक्का उंबऱ्यातच म्हणाली. "म्हणजे देवाला समजतं, आणि पुढचा मुलगा होतो."

"आक्का, नाव ठरलंय," सारजा म्हणाली. "जाई. तिन्ही बहिणींची जुळतात."

"ठरवणारी तू कोण? नाव आत्यानं ठेवायचं असतं. आणि एकदा कानात सांगितलं की ते बदलत नाही."

भिवा ऐकत होता. "बरं," तो म्हणाला.

सारजा त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून घुगऱ्यांना हरभरे भिजत घालायला गेली.

बारशाला बाया जमल्या. हौसाक्का पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायांनी रिवाजाप्रमाणे हात उचलले.

"कुर्र... नकोशी."

हात वरच राहिले. सारजानं पदर तोंडाला लावला. अबोलीनं विचारलं, "आई, कोणाला नको?"

"शोभत नाही," भिवा म्हणाला. "अबोली, शेवंती, नकोशी. एक वेगळी दिसते."

"मग?" हौसाक्कानं विचारलं.

"एक वेगळी दिसली तर टाकायची नसते. सगळ्या एकसारख्या करायच्या असतात."

असं म्हणून तो अबोलीच्या कानाशी वाकला. "कुर्र... नकोशी." मग शेवंतीच्या. "कुर्र... नकोशी." शेवंतीला गुदगुल्या झाल्या. ती हसली. सारजा हसली नाही.

मग भिवानं बोटांवर मोजलं. पाळण्याच्या फळ्या चार. मुली झाल्या तीन. या घरात जन्मलेली चौथी मुलगी कुठंय, म्हणून त्यानं सगळीकडं बघितलं. ती त्याला पाळण्याशीच उभी दिसली.

त्यानं थोरल्या बहिणीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि तिच्या कानात अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कुर्र... नकोशी."

बायांचे हात अजून वरच होते. ते भिवाच्या पाठीत बसले.

"मेल्या, मी नकोशी? मी झाले तेव्हा बाबानं गावभर गूळ वाटला होता. काढ ते नाव."

"कानात सांगितलेलं बदलत नाही, आक्का. तूच म्हणालीस." भिवानं पाठ चोळली. "आता चारी एकसारख्या झाल्या."

शेजारच्या चंपाकाकू ताट घेऊन आल्या. "नकोशीआक्का, घुगऱ्या घ्या."

"नकोशीआक्का, पाट घ्या," दुसरी म्हणाली.

"गाडी किती वाजता हो, नकोशीआक्का?" तिसरीनं विचारलं.

घुगऱ्यांची पहिली मूठ हौसाक्कानं कशीबशी गिळली. दुसरी गिळवेना. ती ताडकन उठली, पाळण्यावर वाकली आणि म्हणाली, "कुर्र... जाई. आणि बदलतं. मी सांगते ना, बदलतं."

मग तिनं अबोलीला जवळ घेऊन अबोली म्हटलं, शेवंतीला जवळ घेऊन शेवंती म्हटलं. बायांनी तिच्या पाठीत रिवाजापेक्षा चार धपाटे जास्त घातले. सारजानं पहिला घातला.

अंगण शांत झालं तेव्हा सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. पदर सावरून तिनं हळूच विचारलं, "सासूबाई, तुमचंही बदलायचं, की असू दे?"