वाटसरू जेवल्याशिवाय

कंबोडियातलं अंगकोरचं मोठं देऊळ पाहून झालं की आमच्या सहलीतल्या मंडळींचे पाय बोलू लागतात आणि सगळ्यांना हॉटेल आठवतं. तरी मी गाडी उत्तरेच्या कच्च्या रस्त्याला घालतोच. तासाभरावर क्रोल थ्मा नावाचं गाव आहे. गावाबाहेर तांबूस दगडाची जुनी धर्मशाळा, वर आता पत्रे, आत तीन दगडांची चूल आणि चुलीशी एकटी बसलेली एक बाई. ती तुम्हाला गाव विचारते, नाव विचारत नाही. मग भात आणि माशाचं कालवण वाढते. तुम्ही हात धुतल्यावरच ती जेवते. गावातली माणसं शेजारून जातात, पण तिच्याशी बोलत नाहीत. असं का, ते गावातल्या ता येम यांनी मला सांगितलं. ता म्हणजे आजोबा. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

ख्मेर राजांच्या काळी या वाटेवर हत्ती, बैलगाड्या, यात्रेकरू यांची रीघ असे. धर्मशाळा मालिस नावाच्या बाईकडे होती. एके दिवशी, म्हणे, दुपार टळली तरी कुणी आलं नाही, म्हणून तिनं होता तो भात खाऊन भांडी घासून टाकली. आणि मग एक थकलेला माणूस आला. तिनं त्याला रिकामी भांडी दाखवली. तो तसाच पुढे गेला आणि पुढच्या मुक्कामाआधीच वाटेत पडून मेला. मालिसनं चुलीतल्या विस्तवावर हात धरून शपथ घेतली, की यापुढे वाटसरू जेवल्याशिवाय आपण घास घेणार नाही.

वर्षं गेली. राजानं राजधानी दक्षिणेला नेली. तिच्यामागे व्यापारी गेले, पुजारी गेले, वाट गवतानं भरली. मालिस पहिला दिवस उपाशी राहिली, दुसराही. गावानं परोपरीनं विनवलं. ती म्हणाली, शपथ काय राजधानीसाठी घेतली होती? भारी हट्टी बाई.

तिसऱ्या दिवशी उत्तरेच्या वळणावरून एक माणूस आला. पाय धुळीनं माखलेले, खांद्यावर गाठोडं. तो गावातलाच कुंभार होता, रानातून मोठा वळसा घालून आला होता. मालिसनं त्याला ओळखलं नाही असं कसं होईल? पण ती थोडी थांबली आणि तिनं विचारलं, कुठल्या गावचे? त्यानं कुठल्यातरी लांबच्या गावाचं नाव ठोकून दिलं. तो जेवला, मग ती जेवली. तेव्हापासून गावानं पाळी लावून घेतली. रोज एका घरचं माणूस वाटसरू होऊन येई.

यात एक वाईट गोष्ट होती, ती आधी कुणाच्या लक्षात आली नाही. वाटसरू म्हणून जो एकदा आला, त्याला मालिस पुन्हा नावानं हाक मारू शकत नव्हती. ओळख दाखवली की तो गावचा ठरणार आणि शपथ मोडणार. पाणवठ्यावर समोरासमोर आले तरी दोघं मान खाली घालून जात. वर्षभरात पाळी सगळ्या घरांतून फिरली. गावानं मालिसचा जीव वाचवला आणि सगळं गाव तिला परकं झालं.

फक्त धाकटी बहीण चांथू कधी जेवायला आली नाही. तिनं गावाला बजावून सांगितलं होतं, तुम्ही झालात परके, मी होणार नाही. ती रोज दिवस कलताना येऊन बसे, ताईचे केस विंचरी, तिला बोंग म्हणून हाक मारी. बोंग म्हणजे आपली ताई. दिवसभरात मालिसशी कुणी बोललं तर ती एवढीच.

मग एका पावसाळ्यात तापाची साथ आली. घरोघरी अंथरुणं पडली. वळसा घालून यायला कुणाच्या पायांत बळ राहिलं नाही. चौथ्या दिवशी मालिसला चुलीशी बसवेना. साऱ्या गावात आपल्या पायांवर उभी होती ती चांथू. तिनं गाठोडं बांधलं, रानातून वळसा घातला आणि चिखलाच्या पायांनी उत्तरेकडून दाराशी येऊन उभी राहिली.

मालिस कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच रडली, असं सांगतात. मग तिनं विचारलं, "कुठल्या गावची ग तू?"

चांथूनं लांबच्या एका गावाचं नाव सांगितलं. भात वाढून झाल्यावर मालिस म्हणाली, "तिकडे तुझं कोण आहे?"

"एक मोठी बहीण आहे."

"भेटलीस की तिला बोंग म्हणून हाक मार. आता तिला तसं म्हणणारं कुणी उरलं नाही."

चांथू जेवली. मग मालिस जेवली. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली आणि ती अकरा वर्षं दोघी बहिणी एकमेकींना परक्या होत्या. वर्षाकाठी एखादा खरा वाटसरू चुकून या वाटेला लागला, तर चांथू त्याला शेताच्या बांधावर अडवी आणि एवढंच मागे, की जेवून निघताना तिला बोंग म्हण.

आजही गावातली एक बाई वर्षभरासाठी त्या चुलीशी बसते आणि गाव वळसा घालून तिच्याकडे जेवायला येतं. आजही तिला बोंग म्हणायची मुभा फक्त बाहेरच्याला आहे. मागच्या खेपेला आमच्यातल्या जळगावच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींनी निघताना त्या पंचविशीतल्या पोरीला बोंग म्हटलं. पोरीनं तोंड फिरवलं.

सुट्टी घेऊन कंबोडियाला कशाला जायचं, असं लोक मला विचारतात. देवळं आहेत, तळी आहेत, पाहायला पुष्कळ आहे. मी त्यांना एवढंच सांगतो, की पावसाळ्यात त्या रस्त्याला बाहेरचं कुणी फिरकत नाही. ते चार महिने तिला कुणीही ताई म्हणत नाही.