बद्द वाजलेली सुरी

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, ही फार जुन्या काळातली गोष्ट आहे. किती जुन्या, ते मला विचारू नका. तेव्हा डोंगराडोंगरावर गड होते, गडागडावर राजे होते, आणि त्यांतल्या एका गडावरचा राजा फार भित्रा होता.

तो जन्माचा भित्रा नव्हता. त्याच्या थोरल्या भावाला कुणीतरी जेवणातून विष घातलं होतं आणि तो भाऊ याच्याच मांडीवर डोकं ठेवून गेला होता. तेव्हापासून राजा ताटातल्या प्रत्येक घासाकडे संशयाने पाहायचा. पाण्याचा पेला तीनदा बदलायला लावायचा. ज्याचा संशय येई त्याची फार चौकशी होत नसे. गडाच्या पश्चिमेला एक उभा कडा होता. त्या कड्याकडे नेलेलं माणूस परत येत नसे.

राजा भ्यायचा, म्हणून सगळं राज्य भ्यायचं. बाजारात लोक हळू आवाजात बोलत. गडावरून घोडेस्वार उतरताना दिसला की बाया मुलांना आत ओढून घेत आणि दाराला कडी लावत.

गडाच्या पायथ्याच्या गावात येसू नावाची मुलगी मामाच्या भट्टीवर काम करायची. लोहाराच्या घरच्या बायका घण मारतात, तशी तीही मारत आली होती. पण मामाचा उजवा खांदा धरला, हात वर जाईना, आणि सांडशी येसूच्या हातात आली. नांगराचे फाळ, खुरपी, कुऱ्हाडी करायला ती थोड्याच दिवसांत शिकली. तिचं मन मात्र सुऱ्यांवर होतं. मामा तरुणपणी करायचा त्या, अंगावर नक्षी असलेल्या सुऱ्या.

त्यांचं काम अवघड असे. एक कडक आणि एक मऊ अशा दोन जातींच्या लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, पांढऱ्या होईपर्यंत तापवायच्या आणि घणाने ठोकून एकजीव करायच्या. मग दुमडायच्या, पुन्हा तापवायच्या, पुन्हा ठोकायच्या. पातं घडलं की घासून हिराकशीच्या, म्हणजे एका खाराच्या, पाण्यात बुडवायचं. मग त्याच्या अंगावर हळूहळू रेषा उमटत, तळ्याच्या पाण्यावर वाऱ्याने उठतात तशा.

मामा अंथरुणावर बसून सांगायचा, "येसू, नक्षीवर भुलायचं नाही. दोन थरांत मळ राहिला तर वरून कधी दिसत नाही. पातं दोऱ्याला टांगायचं आणि खिळ्याने वाजवायचं. खणखणीत वाजलं तर द्यायचं. बद्द वाजलं तर पुन्हा भट्टीत घालायचं, मग ते कितीही देखणं असो."

येसूने पावसाळाभर खपून सात सुऱ्या केल्या. तिच्या हातच्या पहिल्याच. बाजाराच्या आदल्या दिवशी तिने एकेक वाजवून पाहिली. सहा खणखणीत वाजल्या. सातवी बद्द वाजली.

आणि सातवीच सगळ्यांत सुंदर होती. तिच्यावरच्या रेषा टोकापर्यंत एकसारख्या गेल्या होत्या. येसूने ती पुन्हा वाजवली. पुन्हा बद्द. तिने दोरा बदलला, खिळा बदलला. आवाज बदलला नाही.

"ही विकायची नाही," तिने मनाशी ठरवलं. "नुसती मांडून ठेवायची. लोकांनी बघावं, आपला हात कसा आहे ते."

दुसऱ्या दिवशी तिने सातही सुऱ्या घोंगडीवर मांडल्या. दुपारपर्यंत लोक आले, वाकून पाहून गेले. घरोघरी विळ्या होत्या, सुरी कुणाला हवी? मग गडाच्या मुदपाकखान्यातली तुळसाआक्का आली. राजाचं जेवण तीच रांधायची. केस पांढरे झालेले, बोटं हळदीने पिवळी. सातांतून तिने नेमकी सातवी उचलली.

"काय सुरेख काम आहे गं," आक्का म्हणाली. "तू केलीस?"

"हो, आक्का."

"कुणाची तू?"

"लोहारवाड्यातल्या लिंबाजीची भाची."

आक्काने बोटाने धार पाहिली. "टिकेल ना? राजाच्या ताटातलं काम आहे, बाई. तिथे चुकायला जागा नाही."

येसूच्या तोंडाशी आलं होतं की ही नको, ती शेजारची घ्या. पण ती नवखी होती. गडावर आपली सुरी जाणार, या विचाराने तिचं काळीज भरून आलं होतं. आणि शेजारची घ्या म्हटलं तर आक्का विचारणार, का? मग सांगावं लागणार. मग आक्का सातही ठेवून निघून जाणार.

"टिकेल," येसू म्हणाली.

एवढाच एक शब्द. आक्का सुरी पदरात गुंडाळून गडाकडे गेली.

त्या क्षणापासून येसूला भीती लागून राहिली. जेवायला बसली की तिला वाटे, आत्ता या वेळी गडावर काहीतरी चिरलं जात असेल. रस्त्यावर टापा वाजल्या की तिच्या हातातली सांडशी सुटायची. दोनदा ती खरं सांगायला म्हणून गडाची वाट चढली. पहिल्यांदा अर्ध्यातून फिरली. दुसऱ्यांदा दरवाजापर्यंत गेली. पहारेकऱ्याने विचारलं, "काय काम आहे?" "काही नाही," ती म्हणाली आणि उतरली.

असे वीस दिवस गेले. काही झालं नाही. येसूला वाटू लागलं की कदाचित आपणच चुकीचं ऐकलं असेल.

एकविसाव्या दिवशी माठ घेऊन गडावर गेलेली कुंभारीण धापा टाकत परत आली आणि भट्टीच्या दारातच बसली.

"राजाच्या घासात लोखंडाची कपची निघाली," ती दबल्या आवाजात म्हणाली. "भोपळ्याच्या भाजीत. हिरडी फाटली, ताट रक्ताने भरलं. तुळसाआक्काला धरलंय. परवा सकाळी कड्यावर नेणार."

येसू हातातलं काम टाकून तिच्याजवळ आली. "आक्का काय म्हणाली?"

"ती म्हणते, भोपळा चिरताना सुरीची कपची उडाली असेल, मला दिसली नाही. राजा म्हणतो, एवढी चांगली सुरी आपोआप कशी तुटेल? तूच मोडून घातलीस. कुणी घालायला लावली ते सांग. कारभाऱ्यांनी विचारलं, सुरी कुणाकडून घेतलीस? तर म्हणाली, बाजारात घेतली, कुणाकडून ते आठवत नाही."

कुंभारीण गेली. कुणाची तू, असं आक्काने येसूला विचारलं होतं आणि येसूने मामाचं नाव सांगितलं होतं. आक्काला सगळं आठवत असणार.

आता कुणी येसूला धरायला येणार नव्हतं. ती वाचली होती. आणि इतकी भीती तिला आजवर कधीच वाटली नव्हती.

तिने मामाला सगळं सांगितलं. तिला वाटलं, मामा रागावेल, ऊठ आणि गडावर जा म्हणेल. मामाने तिचा हात घट्ट धरला.

"गप्प राहा," तो म्हणाला. "म्हातारीचे दिवस भरत आलेत. तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

"मामा, तूच सांगितलं होतंस, बद्द वाजलं तर द्यायचं नाही."

"सांगितलं होतं. पण तेव्हा कडा समोर नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मामाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला, भाकरी झाकून ठेवली आणि ती निघाली. दरवाजात पहारेकऱ्याने विचारलं, "काय काम आहे?"

"राजाच्या ताटातली सुरी मी घडवली आहे," येसू म्हणाली.

तिला सदरेवर नेलं. राजा बसला होता, गाल सुजलेला, डोळे जागरणाने लाल. एका बाजूला आक्का उभी होती, हात बांधलेले. येसूला पाहताच आक्काने मान हलवली. परत जा, असं ती डोळ्यांनी सांगत होती.

"कुणी पाठवलं तुला?" राजाने विचारलं.

"कुणी नाही, महाराज. सुरीत दोष होता. आक्काचा काही अपराध नाही. ती सुरी मला द्या, मी दाखवते."

"हिच्या हातात सुरी देऊ नका," राजा एकदम मागे सरकत म्हणाला.

मग येसूने लांब उभं राहून सांगितलं आणि एका शिपायाने तसं केलं. त्याने सुरी दगडावर आडवी धरली आणि पाठीवर हातोडा मारला. तिसऱ्या घावाला पातं मधोमध उकललं, पोळीचा पापुद्रा सुटावा तसं. दोन थरांच्या मध्ये काळा मळ होता. कपची तिथूनच सुटली होती. कारभाऱ्यांनी ती जागेवर लावून पाहिली. बरोबर बसली.

राजाने खाली पाहिलं, मग येसूकडे पाहिलं.

"हा मळ आतला," तो सावकाश म्हणाला. "बाहेरून दिसत नाही. तू नवखी आहेस. तुला ठाऊक नसणार."

इथे येसूला सुटायला वाट होती. राजाने स्वतःच ती उघडून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. उघड्या खिडकीतून पश्चिमेचा कडा दिसत होता, आणि त्याच्यावर घारी फिरत होत्या.

"ठाऊक होतं, महाराज," ती म्हणाली. "वाजवून पाहिली तेव्हाच कळलं होतं. आक्काने विचारलं, टिकेल ना? मी टिकेल म्हणाले."

आक्काने डोळे मिटून घेतले.

राजा उठला. खिडकीपाशी गेला. तिथून तो वळला तेव्हा त्याचा आवाज थकलेला होता.

"भाऊ गेल्यापासून मी कितीतरी लोकांना विचारलं, तुला ठाऊक होतं का? सगळे नाहीच म्हणाले. मी कुणाचंच खरं मानलं नाही." मग त्याने कारभाऱ्यांना हुकूम केला. "म्हातारीला सोडा. आणि ही मुलगी तीन वर्षं मुदपाकखान्यात राहील. आपणच घडवलेल्या सुरीने चिरील, आणि ताटातला पहिला घास माझ्यादेखत स्वतः खाईल. तोवर हिची भट्टी बंद."

आक्काचे हात सोडले. दोरीचे वळ उठले होते. येसू तिच्या पाया पडायला वाकली, तर आक्का पाय मागे घेऊन उभी राहिली.

"तुझं नाव मी का नाही सांगितलं, माहीत आहे?" आक्का हळूच म्हणाली. "मला वाटलं, पोरीला काय ठाऊक असणार. बिचारी फुकट मरेल." तिने मनगटावरचे वळ चोळले. "तुला ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होतास गं. मी ती शेजारची घेतली असती."

आक्का गड उतरून गेली आणि पुन्हा कधी मुदपाकखान्यात आली नाही.

तीन वर्षं येसूने रोज पहिला घास खाल्ला. रोज तो घास जिभेवर ठेवताना तिला घाम फुटायचा, आणि दातांखाली काही करकरलं नाही की मगच तिचा श्वास सुटायचा. तिच्याकडे बघत बसलेला राजाही तेव्हाच श्वास सोडायचा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्याने पेला बदलायला लावणं सोडलं. कड्याकडे त्यानंतर कुणाला नेलं नाही. मामा मात्र ती गडावर असतानाच वारला. त्याच्या अंत्यविधीला एक दिवस खाली जायची परवानगी मिळाली, आणि थंड भट्टीशेजारी बसून ती पोटभर रडली.

तीन वर्षांनी ती सुटली. भट्टी तिने एकटीने पुन्हा पेटवली. तिच्या सुऱ्या घ्यायला लोक लगेच आले नाहीत. आधी खुरपी घेतली, मग कुऱ्हाडी, आणि बऱ्याच वर्षांनी कुणीतरी पहिली सुरी नेली. तो विश्वास परत मिळवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं. आक्का तिच्याशी बोलू लागली होती. पण पूर्वी बाजारात बोलली होती, तशी मोकळेपणाने पुन्हा कधी बोलली नाही.

तात्पर्य : आपल्याला ठाऊक असलेला दोष आपण लपवला, तर त्याची भीती आपण भोगतो आणि त्याची शिक्षा एखाद्या निरपराध माणसाच्या दारात जाऊन उभी राहते.