चाकाखाली दगड नाही

सत्तर वर्षांपूर्वीचा गंजका ट्रक गेनबा मिस्त्रीनं तीन वर्षं खपून रस्त्यावर आणला. पण तपासणीच्या साहेबानं खुर्चीतून न उठताच शेरा मारला, "ब्रेक निकामी. ट्रक भंगारात काढा."

गेनबानं शेरा वाचला. न बघताच? मग तो एकदम ओरडला, "पळा साहेब! ट्रक वरच्या उतारावर लावलाय, तोंड तुमच्या खिडकीकडं, अन् चाकाखाली दगडबी न्हाई!"

साहेब टेबलावरून उडी मारून थेट अंगणात. चेहरा पांढराफटक! वर बघतो तर ट्रक तसूभरही हललेला नाही.

"सकाळपास्नं नुसत्या ब्रेकावर उभाय," गेनबा म्हणाला. "ब्रेक निकामी असते, तर पळायला तुमी उरला असता का?"

साहेबानं आत जाऊन आपल्या शेऱ्याचा कागद फाडला.