सोन्याची पहिली ओळ

एका राज्यात कथेवाचून पाडवा साजरा होत नसे. राजकथाकाराने भर दरबारात नवी कथा वाचायची, मगच गुढी उभी राहायची. कथेची पहिली ओळ मात्र महिनाभर आधीच नगरात दवंडी पिटून सांगायची, अशी रीत होती. दवंडी पिटलेली ओळ बदलायची नाही, हीही रीतच.

राजकथाकार होता चंद्रमौळी. वीस वर्षांत त्याने वीस कथा लिहिल्या. एकविसाव्या वर्षी पहिली ओळच सुचेना. त्याने बोरू तासले, शाई पुन्हा घोटली, बैठक खिडकीकडून भिंतीकडे हलवली. दवंडीवाला दारात ताटकळला. शेवटी घाबरून चंद्रमौळी डोंगरावरच्या कृष्णमुख नावाच्या जादूगाराकडे गेला. जादूगाराच्या पेटाऱ्यात सोन्याच्या पहिल्या ओळी रचून ठेवल्या होत्या. चंद्रमौळीने एक उचलली.

‘जिच्या सावलीलाही सुगंध होता, अशी राजकन्या आरशात शिरली आणि परत आलीच नाही.’

दवंडी पिटली, तसे सारे नगर वाहवा म्हणाले. चंद्रमौळी दुसरी ओळ लिहायला बसला. पण सोन्याशेजारी त्याला आपला प्रत्येक शब्द मातीचा दिसू लागला. त्याने हात आखडला, तोच हाताचा दगड झाला. मग खांद्याचा. पाडव्याला तीन दिवस उरले, तेव्हा दगड गळ्याशी आला होता.

त्याला मृण्मयी नावाची मुलगी होती. चार माणसांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे.

“बाबा, कथा मी लिहू?”

“लिही,” चंद्रमौळी कसाबसा म्हणाला. “जादूगाराची अट आहे. पाडव्याचा सूर्य राजवाड्याच्या कळसावर येण्याआधी कथा वाचून झाली, तर मी सुटेन. नाहीतर कायमचा दगड.”

मृण्मयी बसली. दुपार झाली तरी पान कोरेच. खिडकीत एक साळुंकी येऊन बसली.

“पान वाळत घातलंस का गं?”

“मला चांगली ओळ हवी आहे.”

“तुझे बाबा तिथेच बुडाले. मी सात वर्षं त्या पेटाऱ्यावर बसत होते, मला ठाऊक आहे. तीन कामं कर. आज सूर्य मावळायच्या आत शंभर वाईट ओळी लिही. उद्या हातात काम असलेल्या माणसाला कथा सांग. त्याचे हात थांबतील, तिथून लिहायला लाग. परवा सोन्याची ओळ परत कर.”

मृण्मयीने लिहिले, ‘राजकन्या खूप सुंदर होती.’ मग लिहिले, ‘राजकन्या खूपच सुंदर होती.’ मग, ‘तिला शिंक आली.’ चाळिसाव्या ओळीला ती स्वतःशीच हसली. त्र्याहत्तराव्या ओळीला बोरू आपणहून पळू लागला. राजकन्या डावखुरी होती! महालात सगळे तिला हसत. आरशापलीकडे मात्र सगळेच डावखुरे होते!

दुसऱ्या दिवशी ती रंगू कोष्टिणीच्या मागापाशी उभी राहिली. तिने महालाचे वर्णन केले. सुताचा धोटा इकडून तिकडे खटाखट चालूच. सुगंधी सावली सांगितली. रंगूने जांभई दिली.

“मग एके दिवशी तिच्या आईने आरशाला तळवा लावला,” मृण्मयी म्हणाली.

धोटा थांबला.

“मग? पोरगी दिसली का तिला? अगं बोल की!”

मृण्मयी पळत सुटली.

“ए, अर्ध्यावर कुठे निघालीस? आता माझं कापड कसं होणार?” रंगू मागून ओरडत राहिली.

मृण्मयीने त्या तळव्यापासून लिहायला घेतले. दिवेलागणीपर्यंत तिला कळून चुकले, की राजकन्येला घरी यायचे आहे. सोन्याच्या ओळीत तर ती कधीच परतणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी मृण्मयी सोन्याची ओळ घेऊन डोंगर चढली.

“ही ओळ टाकलीस, तर सुरुवात कशी करशील?” कृष्णमुखाने विचारले.

“मधूनच केली.”

“लोक हसतील.”

“हसू देत.” ओळ पेटाऱ्यात खणकन पडली. मृण्मयी खाली आली आणि तिने कथा पुरी केली.

पाडव्याला आठ माणसांनी चंद्रमौळीला दरबारात आणले. दगड ओठांपर्यंत चढला होता. सिंहासनावर राजा वज्रबाहू बसला होता. मृण्मयीने पान उघडले.

“आईने आरशाला तळवा लावला.”

“महाराज!” दवंडीवाला उठला. “मी ही ओळ पिटलीच नव्हती!”

राजाच्या भुवया चढल्या. “मुली, दवंडीची ओळ कुठे आहे?”

“परत केली, महाराज.”

“रीत मोडलीस. वाचन बंद...”

सूर्य कळसापासून हातभरच दूर होता. मृण्मयीने राजाकडे पाहिलेच नाही. तिने पुढची ओळ वाचली.

“आतून राजकन्येनेही तळवा लावला. काच कोमट होती.”

राजाचे तोंड हुकूम द्यायला उघडलेलेच राहिले. दरबारात कुणी हलले नाही.

“मग?” राजाने विचारले.

मृण्मयी वाचू लागली. आवाज आधी कापला, मग चढला, मग खांबाखांबावरून घुमला. राजकन्या केसांत तिकडचे गवत घेऊन बाहेर आली, आईने ते एकेक करून वेचले, आणि कथा संपली. त्याच क्षणी चंद्रमौळीच्या अंगावरचा दगड शेंगेच्या टरफलासारखा गळून पडला. त्याने दोन्ही हातांनी मुलीला जवळ घेतले.

“यापुढे आधी कथा, मग दवंडी,” राजाने आज्ञा केली.

“मग मी महिनाभर करू काय, महाराज?” दवंडीवाला कुरकुरला.

“लिहिणाऱ्याच्या दारातून दूर राहा,” राजा म्हणाला.

आणि गुढी उभी राहिली.